नाण्याचा धातू आणि नाण्याची पत

व्यापारी घराण्यांत नाणे दोन दृष्टींनी पाहिले जाते. एक दृष्टी त्यावरील छाप वाचते, दुसरी त्याचे वजन तोलते. छाप म्हणजे राज्याने दिलेला शब्द. वजन म्हणजे धातूचा बाजारभाव. हे दोन्ही आकडे जवळजवळ असतात तोवर कोणी विचार करीत नाही. तांबे व निकेल महागले की मात्र पेढीवर प्रश्न निघतो: गल्ल्यात येणारी पाच रुपयांची जुनी, जाड नाणी बाजूला काढून साठवावीत काय?

धातूवरून नाण्याचे मोल जाणण्याची विद्या आपल्या समाजाला नवी नाही. दिल्लीच्या टांकसाळीत अल्लाउद्दीन खिलजीच्या काळापासून सेवा करणारा ठक्कुर फेरू हा श्रावक होता. त्याने १३१८ मध्ये ‘द्रव्यपरीक्षा’ नावाचा ग्रंथ रचला. निरनिराळ्या राज्यांची नाणी, त्यांचे वजन, त्यांतील शुद्ध धातूचे प्रमाण आणि त्यावरून येणारी किंमत असा तपशील त्यात आहे. अनेक राजांची नाणी एकाच बाजारात फिरत असताना देणाऱ्याची व घेणाऱ्याची फसगत टाळायची, तर अशा परीक्षेवाचून गत्यंतर नव्हते.

छाप आणि धातू यांचा मेळ सुटला म्हणजे काय होते, हे पहिल्या महायुद्धात दिसले. त्या काळचा रुपया एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजनाचा असे आणि त्यात बारापैकी अकरा भाग चांदी असे. रुपयाचा विनिमयदर तेव्हा १ शिलिंग ४ पेन्स होता. लंडनच्या बाजारात चांदी औंसाला ४३ पेन्सांवर गेली, की रुपयातील चांदी रुपयापेक्षा महाग ठरे. १९१७ मध्ये तेच घडले. रुपये तिजोऱ्यांत आणि मुशीत जाऊ लागले. सरकारने नाणी वितळवण्यास बंदी केली, नोव्हेंबर १९१७ मध्ये एक रुपयाची कागदी नोट काढली आणि पुढील वर्षी अमेरिकेच्या साठ्यातून सुमारे २० कोटी औंस चांदी आणण्याची व्यवस्था करावी लागली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तीच अडचण आली. १९४० पासून रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला.

म्हणून घरच्या डब्यात जपलेले जुने रुपये एकदा सन पाहून वेगळे करावेत. राणीछाप रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी आहे. १९४० ते १९४५ या सनांच्या रुपयात सुमारे ५.८ ग्रॅम, १९४७ च्या रुपयात चांदी नाहीच. वाटणीच्या वेळी तिन्ही एकाच भावाने मोजले, तर कोणा ना कोणा भावंडावर अन्याय होतो. चांदीचे हे रुपये चलनातून केव्हाच गेले. त्यांचे मोल आज चांदीचे आणि संग्राहकाच्या आवडीचे आहे. मात्र शंभर वर्षांहून जुने नाणे कायद्याने पुरावशेष ठरते. ते परदेशी राहणाऱ्या मुलासोबत आठवण म्हणून धाडता येत नाही.

चालू नाण्यांची गोष्ट निराळी आहे. १९९२ पासून निघालेले पाच रुपयांचे जाड नाणे ९ ग्रॅम वजनाचे, तीन भाग तांबे व एक भाग निकेल अशा मिश्रधातूचे आहे. एका किलोत अशी १११ नाणी बसतात आणि त्यांचे दर्शनी मूल्य ५५५ रुपये होते. पाऊण किलो तांबे व पाव किलो निकेल यांचा बाजारभाव या आकड्यापलीकडे गेला, की मोह उत्पन्न होतो. २००७ मध्ये पोलादाचे ६ ग्रॅमचे नाणे आले, ते याच कारणाने समजण्यासारखे आहे.

परंतु हिशेब येथे संपत नाही. दहा हजार रुपयांची अशी नाणी साठवली, तर १८ किलोंचा बोजा घरात पडून राहतो. हीच रक्कम द. सा. द. शे. ६ टक्क्यांनी चक्रवाढीने फिरली, तर बारा वर्षांत दुप्पट होते. साठ्यावर व्याज नाही. मिश्रधातूला शुद्ध तांब्याचा व निकेलचा भाव कोणी देत नाही. गाळणी, घट आणि दलाली त्यातूनच जाते. शिवाय हा माल उघड्या बाजारात, पावती देऊन विकता येत नाही. ज्या मालाची पावती फाडता येत नाही, त्याचा नफा आपल्या वहीत कोणत्या खात्यावर लिहावा?

कायदा याबाबत स्पष्ट आहे. नाणे अधिनियम, २०११ प्रमाणे चलनातील नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे हा गुन्हा आहे. इतकेच नव्हे, दर्शनी मूल्याहून निराळ्या किमतीस विकण्याच्या अथवा वितळवण्याच्या हेतूने, आपल्या रास्त गरजेपेक्षा पुष्कळ अधिक नाणी बाळगणे हाही गुन्हाच आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. रास्त गरज ठरवताना धंद्याचे स्वरूप, रोजची आवश्यकता, नाणी कशी मिळवली आणि कोठे, कशी ठेवली हे पाहिले जाते. किराणा दुकानदाराच्या गल्ल्यातील चिल्लर त्याला शोभते. माळ्यावरची निवडलेली पोती शोभत नाहीत. नातवंडांना दाखवण्यासाठी जपलेली दोन-चार नाणी हा साठा नव्हे.

अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याचा न्याय्य नियम ओलांडून व्यवहार करणे, हा एक सांगितला आहे. नाणी गाळणाऱ्याला कोणा एकाचे काही चोरल्यासारखे वाटत नाही, कारण प्रत्येक नाणे त्याने पूर्ण मोल देऊन घेतलेले असते. पण नाणे पाडण्याचा खर्च सर्वांच्या पैशातून होतो आणि ते नाहीसे झाल्याची झळही सर्वांनाच बसते. २००७ च्या सुमारास पूर्व भारतात एक रुपयाच्या नाण्यांची टंचाई पडली, तेव्हा दाढीची पाती बनवण्यासाठी ती चोरून बांगलादेशात जात असल्याच्या बातम्या होत्या. अशा टंचाईत भाजीवालीचे दोन रुपये बुडतात आणि ग्राहकाच्या हातावर सुट्ट्या पैशांऐवजी गोळी ठेवली जाते.

याहून नाजूक स्थळ मंदिराच्या भंडाराचे आहे. भंडार उघडल्यावर मोजणीस बसलेल्यांनी जाड नाणी निवडून दर्शनी मूल्याने घरी नेली, तर वहीतील बेरीज बिनचूक राहील. पण वरचा लाभ देवद्रव्यातून घेतलेला असेल. विश्वस्तांनी ही निवड होऊच देऊ नये. नाणी वजनावर किंवा मोजून, निवड न करता, सरसकट द्यावीत.

त्याच भंडारात गावाच्या सुट्ट्या पैशांची सोयही आहे. ट्रस्टकडे चिल्लर साचते आणि शेजारच्या दुकानांत तिचा तुटवडा असतो. ठरलेल्या दिवशी दुकानदारांनी नोटा आणाव्यात, तितक्याच रकमेची नाणी न्यावीत, दोघांच्या सह्यांनी नोंद व्हावी. कोणाची उधारी नको, कोणाला कसरही नको. सायंकाळपर्यंत ती नाणी गिऱ्हाइकांच्या हाती पोचतील.