कोठ्यात पाहुणे

बैलजोड्या कमी झाल्या, ट्रॅक्टर आले आणि बोरगाव-सौंसर पट्ट्यातले कोठे ओस पडू लागले. कवेलूचं छप्पर, जाड मातीच्या भिंती, सागवानी मयाली. यांचं करायचं काय? पाडून सिमेंटचा स्लॅब टाकायचा, हे ठरलेलं उत्तर. या अंकात आम्ही दुसरं उत्तर मांडतोय: तिथे पाहुणे उतरवा.

बारामतीकडे कृषी पर्यटन रुजून बरीच वर्षं झाली, महाराष्ट्राचं त्यासाठीचं धोरण २०२० मध्ये आलं. आपला पांढुर्णा जिल्हा २०२३ चा, पण संत्र्याच्या बागा जुन्या आणि नागपूर रस्त्यावरच आहेत. बहाराच्या दिवसांत शहरातली माणसं इकडे का येणार नाहीत?

स्वप्नं विकायची नाहीत म्हणून अंकातली जास्त पानं दुरुस्तीला दिली आहेत. वर्षानुवर्षं गोमूत्र मुरलेल्या भिंतीला लोणा लागतो. त्यावर सिमेंटचं प्लास्टर चढवलं की ओल आतच कोंडते आणि दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. अशा भिंतीला चुन्याचा गिलावाच बरा. संडास-न्हाणी मात्र नवीच बांधावी, तिथे जुन्याचा हट्ट नको. आणि खसऱ्यावर चार भावांची नावं असतील, तर आधी भावांशी बोला, मग गवंड्याशी.

तुमचा कोठा उभा असेल तर फोटो पाठवा, पाडला असेल तर का पाडला ते लिहा. पुढच्या अंकात दोन्हींना जागा ठेवली आहे.

— संपादक