वेल्डर निवृत्त होण्याआधी

फ्रान्समध्ये कादाराश इथे उभ्या राहत असलेल्या ‘इटर’ या अणुसंलयन यंत्राचं काम २०२२ साली अडलं, ते प्लाझ्मामुळे नव्हे. नळ्यांना तडे गेले होते. यंत्रातल्या अतिथंड चुंबकांपर्यंत उष्णता पोचू नये म्हणून चांदीचा मुलामा दिलेली धातूची ढाल बसवतात, आणि तिच्यावर थंड हेलियम खेळवणाऱ्या नळ्या वेल्ड केलेल्या असतात. त्या वेल्डिंगच्या सांदीत क्लोरीनचे अंश राहून गेले. पोलादात ताण होताच. जेमतेम दोन मिलिमीटर खोलीचे तडे, पण २३ किलोमीटर नळी काढून नवी बसवायची वेळ आली. प्लाझ्माभोवतीच्या निर्वात पात्राच्या भागांच्या कडाही मापाला जुळेनात. त्या भरून, घासून पुन्हा घडवाव्या लागल्या.

माझं कामाचं आयुष्य ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये वेल्डिंगचे जोड तपासण्यात गेलं. रेडिओग्राफीच्या फिल्म, अल्ट्रासोनिकचा प्रोब, हेलियमची लीक टेस्ट. स्टेनलेस स्टीलवर खूण करायचा खडूसुद्धा क्लोराइड नसलेलाच घ्यायचा, हे आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या आठवड्यात सांगतात. म्हणून संलयनाची चर्चा ‘वीज कधी मिळणार’ या प्रश्नावरच फिरत राहते तेव्हा मला राहवत नाही. हे यंत्र बांधणार कोण, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे.

प्लाझ्माला, म्हणजे त्या अतितप्त वायूला, थेट धरून ठेवेल असं भांडं नाही. ड्युटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची जड रूपं १५ कोटी अंशांपर्यंत तापवायची आणि चुंबकीय क्षेत्राच्या कड्यात भिंतीला न लागता फिरत ठेवायची. ते क्षेत्र तयार करणारी अतिवाहक चुंबकं मात्र उणे २६९ अंशांवर. दोघांमध्ये अंतर काही मीटरचं. त्या काही मीटरमध्ये जे काही आहे ते पोलाद, नळ्या आणि जोड आहेत. भौतिकशास्त्र थांबलेलं नाही: इंग्लंडच्या ‘जेट’ने २०२३ साली ०.२ मिलिग्रॅम इंधनातून ६९ मेगाज्यूल ऊर्जा मिळवली, आणि फ्रान्सच्याच ‘वेस्ट’ने २०२५च्या फेब्रुवारीत २२ मिनिटं प्लाझ्मा टिकवून धरला. गाडी अडते ती शॉपमध्ये.

आणि नेमकं तिथे आपण कमी नाही. इटरचा क्रायोस्टॅट, म्हणजे सगळ्या यंत्राला पोटात घेणारं सुमारे ३० मीटर उंच आणि तेवढंच रुंद निर्वात पात्र, गुजरातेत हझिऱ्याला लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात घडलं. ३,८५० टन स्टेनलेस स्टील, ५४ तुकड्यांत जहाजाने गेलं आणि कादाराशला जोडलं गेलं. ज्यांनी जाड प्लेट वेल्ड होताना पाहिली आहे त्यांनाच कळेल की एवढ्या व्यासाचं काम मिलिमीटरांच्या मर्यादेत ठेवणं म्हणजे काय. उष्णतेने प्लेट ओढली जाते, आणि कोणत्या बाजूने किती ओढली जाईल हे कागदापेक्षा हाताला जास्त ठाऊक असतं.

हा हात टिकवून ठेवायची सोय आपण केलेली नाही. इटरच्या नव्या वेळापत्रकात ड्युटेरियम-ट्रिटियमचे खरे प्रयोग २०३९ साली आहेत. क्रायोस्टॅटवर २०१५ साली पस्तिशीत असलेला वेल्डर तेव्हा ५९ वर्षांचा असेल. इटर यशस्वी झाल्यावर मग आपलं यंत्र बांधू, असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, कोणाकडून बांधून घेणार? मी काम केलेल्या एका कारखान्यात मोठी ऑर्डर संपल्यावर दोन-तीन वर्षं जाड प्लेटचं काम आलं नाही. चांगले वेल्डर आखातात गेले. पुढची ऑर्डर आली तेव्हा प्रोसिजर तीच, मशीन तीच, आणि रूट पासमध्ये, म्हणजे जोडाच्या पहिल्या थरात, दोष निघून रिपेअरवर रिपेअर. कागद कपाटात होता, तो वाचून करणारा माणूस नव्हता.

गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने १९८९ साली ‘आदित्य’ हा टोकामाक, म्हणजे असंच चुंबकीय कड्याचं यंत्र, देशात बांधला, नंतर अतिवाहक चुंबकांचा ‘एसएसटी-१’. त्यापुढच्या ‘एसएसटी-भारत’चा आराखडा तिथल्या शास्त्रज्ञांनी मांडला आहे. तो आता मंजूर व्हावा. हजारो कोटी लागतील, आणि सौरऊर्जेच्या वाट्यातला एक रुपयाही त्यासाठी काढू नये, कारण येत्या वीस वर्षांत संलयन नव्हे, सौरपटलंच कामी येणार आहेत. १९५५ साली जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून होमी भाभांनी दोन दशकांत संलयन आटोक्यात येईल असं सांगितलं होतं. तारखा देण्याची ती सवय आता सोडावी. मी हा खर्च मागतो तो तारखेच्या भरवशावर नाही, हा हात टिकावा म्हणून.

कच्चा माल आपल्याकडे आहे. ड्युटेरियम ज्यातून मिळतं ते जड पाणी अलिबागजवळ थळला १९८०च्या दशकापासून तयार होतं. खरी अडचण न्यूट्रॉनची आहे. संलयनातली ऐंशी टक्के ऊर्जा तो घेऊन जातो, त्याला विद्युतभार नसल्याने चुंबक अडवू शकत नाही, आणि तो थेट भिंतीत घुसतो. त्या मारात टिकेल आणि फार काळ किरणोत्सारी राहणार नाही असं नऊ टक्के क्रोमियमचं, टंगस्टन-टँटलम घातलेलं पोलाद कल्पक्कम आणि गांधीनगरच्या संशोधन संस्था आणि हैदराबादची धातू कंपनी मिधानी यांनी मिळून तयार केलं आहे. पण हे पोलाद वेल्डिंगला तापट. जोडाच्या शेजारचा पट्टा कडक होतो, वेल्डिंगनंतरची उष्णता-प्रक्रिया जराशी चुकली की ठिसूळपणा येतो.

म्हणून माझी मागणी छोटी आणि आजची आहे. सगळ्या यंत्राची मंजुरी येईपर्यंत थांबू नका. ज्या ब्लँकेटमध्ये लिथियमपासून ट्रिटियम तयार व्हायचं आहे, त्याचा खऱ्या मापाचा एक खण या पोलादात बांधायची ऑर्डर काढा. क्रायोस्टॅटवर काम केलेल्यांना बोलवा, प्रत्येकाच्या शेजारी आयटीआयमधून आलेली दोन पोरं-पोरी उभी करा. पहिला खण नापास झाला तरी तो भंगारात देऊ नका. त्याच्या जोडांच्या फिल्म उजेडाच्या पेटीवर लावा आणि तडा कुठून सुरू झाला ते त्या पोरांना बोट ठेवून दाखवायला सांगा.