चालतंय म्हणजे जुळतंय असे नव्हे

डेटा सेंटरमध्ये वर्षानुवर्षे काम केलेल्या अनेक जाणत्या माणसांचे एक ठाम मत आहे. सर्व्हरला डिस्क दिसते, ॲप्लिकेशन चालू आहे, स्टोरेजचा डॅशबोर्ड हिरवा आहे; मग कोणत्या सर्व्हरला कोणत्या वाटेने प्रवेश दिला आहे याच्या नोंदी सतत ताडून पाहण्याची गरज काय? बिघडले की कळेलच. हे मत आळसातून आलेले नाही. रोजच्या कामाच्या ओझ्यातून आणि यंत्रणेवरच्या विश्वासातून ते आले आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. माझ्या मते ते चूक तर आहेच, शिवाय घातकही आहे.

आधी व्यवस्था काय असते ते पाहू. क्लस्टर्ड स्टोरेजमध्ये निदान दोन कंट्रोलर असतात आणि एक बंद पडला तर दुसरा त्याचा भार उचलतो. त्यातला डिस्कचा एकेक तुकडा, ज्याला आपण लन म्हणतो, एका वेळी एका कंट्रोलरच्या ताब्यात असतो. सर्व्हरमध्ये दोन फायबर चॅनल पोर्ट, मध्ये दोन स्विच, त्यामुळे एकाच लनकडे जायला चार किंवा अधिक वाटा. ही प्रवेशाची परवानगी तीन ठिकाणी लिहिलेली असते. स्टोरेजवर इनिशिएटर ग्रुपमध्ये सर्व्हरच्या पोर्टचा सोळा अक्षरी ओळखक्रमांक, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूपीएन, असतो आणि त्या ग्रुपला लन जोडलेली असते. स्विचवर कोणते पोर्ट कोणाशी बोलू शकते हे ठरवणारे झोनिंग असते. सर्व्हरवर अनेक वाटा सांभाळणाऱ्या मल्टिपाथचे सेटिंग असते. तीन ठिकाणे, आणि मोठ्या संस्थांत बहुधा तीन वेगळ्या टीम. एका ठिकाणी बदल झाला आणि बाकी दोन तशीच राहिली की विसंगती तयार होते. एका पोर्टचा क्रमांक ग्रुपमध्ये घालायचा राहतो, जोडीदार कंट्रोलरकडचा झोन करायचा राहतो, किंवा एकाच सर्व्हरच्या दोन पोर्टसाठी अलुआचे, म्हणजे कोणती वाट आधी वापरायची हे सर्व्हरला सांगणाऱ्या व्यवस्थेचे, सेटिंग वेगवेगळे पडते.

यावर पहिला युक्तिवाद येतो तो जादा वाटांचा. चार वाटांपैकी दोन नसल्या तर काय बिघडले, मल्टिपाथ त्यासाठीच आहे! पण मल्टिपाथचे कामच मुळी बिघाड झाकण्याचे आहे. उरलेल्या वाटांवरून काम सुरळीत चालते, म्हणून कुणाचे लक्ष जात नाही. मग एका रात्री स्टोरेजचे सॉफ्टवेअर अपग्रेड करायचे ठरते. क्लस्टरचे अपग्रेड एकेक कंट्रोलर थांबवून होते. पहिला थांबतो, दुसरा त्याचा भार घेतो, स्टोरेजच्या दृष्टीने सारे ठीक असते. फक्त ज्या सर्व्हरच्या सगळ्या वाटा थांबलेल्या कंट्रोलरवरूनच जात होत्या, त्याच्यापुढे आता एकही वाट नसते. लिनक्सवर डिस्कच्या आज्ञेला उत्तर यायची मुदत मूळ सेटिंगप्रमाणे 30 सेकंद असते. ती संपते, सावरण्याचे प्रयत्न होतात, आणि शेवटी डेटाबेस आपल्या फाइलींवर लिहू शकत नाही. दोष कित्येक महिन्यांपूर्वीचा असतो, कोसळणे आजचे, आणि चौकशी अपग्रेड करणाऱ्याची होते.

दुसरा युक्तिवाद अधिक जोरकस वाटतो. पहिल्या दिवशी सगळे तपासून जोडले होते, त्यानंतर कुणी हात लावलेला नाही. हे खरे असले तरी पुरेसे नाही. नेटॲपच्या क्लस्टर्ड डेटा ऑनटॅप 8.3 मध्ये सिलेक्टिव्ह लन मॅप ही सोय आली. लन ज्या नोडवर, म्हणजे कंट्रोलरवर, आहे तो नोड आणि त्याचा जोडीदार, एवढ्यांच्याच वाटा सर्व्हरला दिसतात. सोय चांगलीच आहे, कारण मोठ्या क्लस्टरमध्ये वाटांची निरर्थक गर्दी होत असे. पण व्हॉल्यूम क्लस्टरमधल्या दुसऱ्या जोडीवर हलवायचे असेल, तर नव्या नोडची नावे त्या मॅपमध्ये घालावी लागतात आणि सर्व्हरवर नव्या वाटा शोधाव्या लागतात. ते राहिले तर डेटा नव्या नोडवर आणि सर्व्हर मात्र जुन्या नोडच्या दारातून, क्लस्टरच्या आतल्या नेटवर्कवरून, तो वाचत राहतो. काम थोडे संथ होते, पण थांबत नाही. पुढे जुनी जोडी निकालात काढायची वेळ आली की तेच दार बंद होते. इथे सर्व्हरला कुणी स्पर्शही केलेला नव्हता. डेटा हलला, आणि त्याबरोबर कालपर्यंत बरोबर असलेले सेटिंग चुकीचे ठरले.

‘आमची बाजू आम्ही तपासली आहे’ हे वाक्य प्रत्येक टीम प्रामाणिकपणे म्हणते. तरीही विसंगती राहते, कारण ती कोणाच्याही एकट्याच्या बाजूला नसते. 2011 साली झुओनिंग यिन आणि सहकाऱ्यांनी कॉन्फिगरेशनच्या चुकांच्या 546 खऱ्या घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हजारो ग्राहकांकडे चालणारी एक व्यावसायिक स्टोरेज यंत्रणाही होती. त्यांना आढळले की अभ्यासलेल्या यंत्रणांमध्ये 21.7 ते 57.3 टक्के चुकांचा संबंध त्या यंत्रणेबाहेरच्या सेटिंगशी होता, काही वेळा तर पूर्णपणे वेगळ्याच मशीनवरच्या. हा आकडा वाचल्यावर एका बाजूची तपासणी पुरेशी कशी मानायची? त्याच्याही खूप आधी, 1985 मध्ये, जिम ग्रे यांनी टँडेम कंपनीच्या दोषसहिष्णू संगणकांचा हिशेब मांडला होता. दुहेरी सुट्या भागांनी हार्डवेअरचा धोका आटोक्यात आणल्यावर नोंदलेल्या बिघाडांपैकी 42 टक्के प्रशासनाच्या खात्यात पडले: चालवणे, देखभाल आणि कॉन्फिगरेशन.

अलर्टचा भडिमार होईल, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. स्थलांतर चालू असताना दोन बाजू काही काळ जुळत नाहीत, आणि तसे असणे बरोबरही असते. प्रत्येक फरकासाठी रात्री फोन वाजला तर चार दिवसांत माणसे तो बंद करून ठेवतील. पण यावरून देखरेख नको असा निष्कर्ष निघत नाही. कोणती गोष्ट किती तातडीची हे ठरवायला हवे, एवढेच निघते. एखाद्या लनच्या सगळ्या वाटा एकाच कंट्रोलरवर आल्या असतील तर ते त्या क्षणी कळले पाहिजे, कारण तिथे क्लस्टर नावापुरताच उरला आहे. बाकीचे फरक दिवसाच्या कामात जावेत. जाणूनबुजून ठेवलेल्या फरकावर मुदतीची तारीख असावी, आणि ती उलटली की तो पुन्हा वर यावा.

आता काय ताडायचे ते. डेटा ऑनटॅपच्या जुन्या सेव्हन-मोडमध्ये ‘लन कॉन्फिग-चेक’ अशी आज्ञा होती. बंद पोर्ट, ग्रुपमधली अलुआची तफावत, जोडीदार कंट्रोलरांच्या मॅपमधले झगडे ती शोधून देई. ती उपयोगी होती, पण तिला स्टोरेजची बाजू दिसत असे. सर्व्हरला प्रत्यक्षात काय दिसते ते नाही. म्हणून सर्व्हरवरच्या मल्टिपाथकडून प्रत्येक लनच्या वाटा मोजून आणायच्या, आणि त्या कोणत्या कंट्रोलरवर जातात तेही. नुसते ‘चालू’ किंवा ‘बंद’ पुरत नाही. जुळणी लन क्रमांकावरून किंवा सर्व्हरने दिलेल्या डिस्कच्या नावावरून करू नये, ती बदलतात. लन स्वतः जी कायम ओळख सांगते, तिच्यावरूनच करावी. एकाच सर्व्हर-क्लस्टरमधले सर्व्हर एकमेकांशीही ताडावेत: तीन सर्व्हरना दिसणारी लन चौथ्याला दिसत नसेल, तर तो चौथा गरजेच्या वेळी कामाला येणार नाही.

हे सगळे आता स्क्रिप्ट करतात, माणूस चुकणार कुठे, असे नव्या पिढीतले इंजिनिअर म्हणतात. स्क्रिप्टने टंकलेखनाच्या चुका कमी होतात हे निर्विवाद. पण स्क्रिप्ट बहुधा जोडते; काढून टाकण्याचे काम तिला क्वचितच सांगितलेले असते. सर्व्हर निवृत्त होतो, त्याच्या कार्डाचा क्रमांक ग्रुपमध्ये आणि झोनमध्ये तसाच राहतो. ते कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये बसते. स्टोरेज मशीन ओळखत नाही, क्रमांक ओळखते. जुन्या लन, ज्या आता दुसराच सर्व्हर वापरत असतो, नव्या मशीनला उघड होतात. तिथल्या माणसाला रिकामी वाटणारी डिस्क दिसते आणि तो ती फॉरमॅट करतो. एक्स्ट-फोर किंवा एनटीएफएससारख्या फाइल सिस्टिमला दुसरेही कुणी त्याच डिस्कवर लिहीत आहे हे कळत नाही. यातून रेड वाचवत नाही, कारण डिस्क मेलेली नाही. रेप्लिकेशनही वाचवत नाही, कारण ते नासलेला डेटा इमानाने दुसऱ्या शहरात पोहोचवते.

म्हणून माझी मागणी साधी आणि ठोस आहे. कोणत्या सर्व्हरला कोणती लन किती वाटांनी मिळाली पाहिजे, हे एका ठिकाणी लिहिलेले असावे आणि तिन्ही बाजूंचे प्रत्यक्ष चित्र त्याच्याशी सतत ताडले जावे. अपग्रेडच्या अर्जावर या तुलनेचा त्याच दिवशीचा निकाल जोडलेला असावा. त्याखाली सर्व्हर आणि स्टोरेज या दोन्ही टीमच्या सह्या हव्यात. एक जरी नसली, तरी त्या रात्री कंट्रोलर थांबवायचा नाही.