अॅम्प्लिफायर तापतो, फ्यूज उडतो

माजलगाव तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. वडील ऊसतोडीला जात. एका हंगामाची उचल फिटल्यावर हातात जे उरले त्यातून त्यांनी जुना स्टिरिओ अॅम्प्लिफायर घेतला. वडील आता नाहीत. अॅम्प्लिफायर आहे, कॅसेटी आहेत. काही विकतच्या भीमगीतांच्या, काही गावच्या गायन पार्टीने रात्र जागून गायलेल्या. हिवाळ्यात सगळे ठीक चालते. एप्रिल लागला की अर्ध्या तासात डाव्या बाजूचा आवाज फाटतो, डबा हात लावू देत नाही आणि फ्यूज उडतो. भावाने फ्यूजच्या जागी तांब्याची तार बसवली आहे. दुकानदार म्हणतो, भंगारात घाला.

ताई, भंगारात घालू नका. पण ती तार आजच काढा. फ्यूज हा मुद्दाम कमजोर ठेवलेला भाग असतो. दोष झाला की त्याने जळावे आणि बाकीचे वाचावे. तार बसवली की जळण्याची पाळी ट्रान्सफॉर्मरवर येते आणि त्याच्या शेजारी तुमचे घर आहे. मागच्या पट्टीवर जितक्या अॅम्पिअरचा आकडा छापलेला असेल तितकाच फ्यूज घालायचा, आणि तोही दोष सापडल्यानंतर.

आता एप्रिलचे कोडे. आतील पॉवर ट्रान्झिस्टर (बहुतेक जुन्या सेटमध्ये २एन३०५५ किंवा त्याचा भाऊबंद) अॅल्युमिनियमच्या पंखांवर बसवलेले असतात. ते पंख खोलीपेक्षा समजा ३० अंशांनी जास्त तापतात. डिसेंबरात खोली २० अंश असेल तर पंख ५० अंशांवर राहतात. बीडच्या उन्हाळ्यात खोली ४२ अंश, म्हणजे पंख ७२ वर. सेट तोच, पण डिसेंबरात झाकून राहिलेला दोष एप्रिलात उघडा पडतो. आपली जयंती १४ एप्रिलची आणि बुद्धपौर्णिमा बहुधा मे महिन्यात. म्हणजे सेट सर्वांत जास्त वाजतो तो नेमका त्याच्या वाईट दिवसांत.

ट्रान्झिस्टरचा स्वभाव असा की तो तापला की जास्त करंट ओढतो, जास्त करंटने आणखी तापतो. हे चक्र थांबवण्यासाठी पंखांनाच चिकटवलेला एक छोटा डायोड किंवा ट्रान्झिस्टर असतो. तो उष्णता ओळखून करंट खाली ओढतो. वर्षांनुवर्षांत तो पंखांपासून सुटतो, किंवा शेजारचा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा कंट्रोल) गंजतो, आणि लगाम सुटतो. पत्रातील लक्षणे पाहता माझा पहिला संशय इथेच आहे. चालू करताक्षणी फ्यूज उडाला असता तर मी डायोड किंवा शॉर्ट झालेला ट्रान्झिस्टर म्हटले असते. अर्ध्या तासाने उडतो, म्हणजे कारण उष्णतेत आहे.

आणि इथे स्टिरिओचा मोठा फायदा आहे. आत दोन सारखीच सर्किटे असतात. डावे बिघडले, उजवे चांगले. नकाशा मिळत नसला तरी काम अडत नाही. कारागिराने मल्टिमीटरने एकाच ठिकाणचे व्होल्टेज दोन्हीकडे मोजावे. जिथे आकडे वेगळे पडतील त्याच्या आसपास दोष असतो. एमिटरला ०.२२ ओहमचा रेझिस्टर असेल आणि आवाज पूर्ण बंद असताना त्यावर १० मिलिव्होल्ट मिळाले, तर करंट सुमारे ४५ मिलिअॅम्पिअर होतो. डावीकडे तो मिनिटामिनिटाला चढत गेला तर चोर सापडला. ट्रान्झिस्टरखालचा अभ्रकाचा पापुद्राही पाहावा. त्याची पांढरी पेस्ट वाळून पीठ झालेली असते आणि उष्णता पंखांपर्यंत पोचतच नाही.

परळीचे वीजकेंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे, म्हणून वस्तीवर सारखे व्होल्टेज मिळते असे नाही. शेतपंप चालू असताना ते पडते, बंद झाले की चढते. २३० चे २६० झाले की आतील ३२ व्होल्टही ३६ होतात आणि ३५ व्होल्टचा कंडेन्सर फुगतो. आवाजात सतत घोंघों ऐकू येत असेल तर मोठे कंडेन्सर वाळले आहेत असे समजा. बदलताना ५० व्होल्टचे, १०५ अंश लिहिलेले घ्यावेत.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा सेट थेट बोर्डाला लावू देऊ नका. १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावावा. एलईडी इथे चालत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लखलखत राहिला तर आत अजून शॉर्ट आहे, पण करंट अर्ध्या अॅम्पिअरच्या आतच राहतो, नवा माल जळत नाही. जुन्या कारागिरांकडे हा बल्ब टेबलावरच टांगलेला असतो. नसेल तर दुसरा कारागीर शोधावा, असे मी तरी म्हणेन. भावाने मात्र झाकण उघडून प्रयोग करू नयेत. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते.

सेट दुरुस्त होईपर्यंत एक काम करून घ्या. गायन पार्टीच्या कॅसेटी कोणाकडच्या चांगल्या डेकवरून मोबाईलमध्ये किंवा कॉम्प्युटरवर उतरवा. त्याला अॅम्प्लिफायर लागत नाही. विकतची गीते पुन्हा मिळतील, गावच्या पार्टीची ती रात्र दुसरीकडे कुठेच नाही.

घरी आणल्यावर सेट शोकेसमध्ये कोंबू नका आणि वर विणलेला रुमालही नको. चारी बाजूंनी वीतभर जागा ठेवा. एका बाजूला दोन-दोन ८ ओहमचे स्पीकर समांतर जोडले असतील तर एक काढा. दोन मिळून ४ ओहम होतात आणि तो बोजा पुन्हा त्याच ट्रान्झिस्टरवर पडतो. जुने काढलेले भागही दुकानदाराकडून परत मागून घ्या.