क्रिल आणि एक टक्क्याचा हिशेब

संपादक महाशय,

गतांकातील पत्रलेखकांनी, अंटार्क्टिक सागरातील क्रिल या कोळंबीसदृश जीवांची पकड एकंदर साठ्याच्या अवघी एक टक्का असल्याने तिजविषयी ओरड करणे अनाठायी होय, असा जो निर्वाळा दिला आहे, तो अंकगणिताच्या दृष्टीने बिनचूक असला तरी ग्राह्य नव्हे. २०१९ च्या पाहणीत दक्षिण अटलांटिक विभागात सुमारे ६ कोटी २६ लाख टन क्रिल आढळले आणि पकडीची मर्यादा ६ लाख २० हजार टन आहे, हे खरे. परंतु जाळ्याच्या टोकाला नळी लावून अखंड उपसा करणारी जहाजे त्या अफाट क्षेत्रात समप्रमाणात विखुरत नसून, जेथे पेंग्विन आपल्या पिलांसाठी पोटात चारा साठवून आणतात, त्या अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या किनाऱ्यालगतच दाटी करतात. (सरासरीने पेंग्विनचे पोट भरत नाही.) ही पकड विभागवार वाटून देणारा नियम, या मासेमारीचे नियमन करणाऱ्या आयोगाच्या सभासद राष्ट्रांत एकमत न झाल्याने २०२४ साली मुदतबाह्य झाला, आणि २०२५ च्या ऑगस्टारंभीच मर्यादा गाठली जाऊन मासेमारी तहकूब करावी लागली.

या होबार्टस्थित आयोगाचे निर्णय सर्वसंमतीने होतात व भारत १९८६ पासून त्याचा सभासद आहे. सबब आपल्या प्रतिनिधींनी तो नियम पुनश्च अमलात आणण्याचा आग्रह धरावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक