चर्च म्हणजे इंग्रजांचेच का?

मी किरनापुरचा. आमच्याकडे चर्चचा विषय निघाला की 'इंग्रजांचे काम' असे म्हणून माणसे मोकळी होतात. सिवनीपलीकडच्या छिंदवाड्याचे लुथरन चर्च मात्र या वाक्यात बसत नाही. लुथरन पंथ जर्मनीत मार्टिन लूथरच्या १५१७ च्या बंडातून निघाला. मध्य प्रांतात तो १८७७ मध्ये आला स्वीडनच्या मिशनबरोबर. राज्य इंग्रजांचे, पण या मंडळींना इंग्रजीही परकीच!

आपल्या अंकाच्या कन्नड विभागाला हे नवे वाटणार नाही. १८९४ चा कन्नड कोश करणारा किट्टेल जर्मन होता आणि त्याचे बासेल मिशन स्वित्झर्लंडचे.

मिशनऱ्यांनी धर्मांतरे केली. त्यावर वाद जरूर घालावा. परंतु कोण आले, कुठून आले हे न पाहता घातलेल्या वादाला मी इतिहास म्हणणार नाही. आणि आज त्या चर्चचे मुख्यालय छिंदवाड्यातच आहे, माणसेही इथलीच. त्यांना 'इंग्रजांचे' म्हणणे म्हणजे शेजाऱ्याला त्याच्याच अंगणात पाहुणा ठरवणे. मीही ते केले आहे. दिवाळीच्या सुटीत गावी जाताना छिंदवाड्यास उतरून तिथल्या वडीलधाऱ्यांना भेटणार आहे.