बाइटांचा क्रम गृहीत धरू नका

‘पंचवीस’ म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो, लिहिताना मात्र दोन आधी. संगणकांतही असेच दोन रिवाज आहेत: कुणी आकड्याचा मोठा बाइट आधी ठेवतो, कुणी लहान. उपकरणाने चार बाइटांत लिहिलेला १ ड्रायव्हरने उलटा वाचला, की त्याचे थेट १,६७,७७,२१६ होतात. आज बहुतेक यंत्रे लहान बाइटच आधी ठेवतात, मग क्रम सांभाळण्याचा खटाटोप कशाला, असे विचारले जाते. पण इंटरनेटच्या पॅकेटांतले पत्ते आजही मोठा बाइट पुढे घेऊनच येतात आणि आयबीएमच्या मेनफ्रेमवरचे लिनक्सही त्याच रिवाजाने चालते. शिवाय क्रम जुळत असेल तिथे लिनक्समधले क्रमाचे रूपांतर प्रोसेसरची एकही जादा सूचना खर्च करत नाही. म्हणून उपकरणासोबत वापरायच्या मेमरीतल्या प्रत्येक आकड्याचा क्रम त्याच्या टाइपमध्येच नोंदवायला हवा. तसे केले, तर ‘स्पार्स’ हे तपासणीचे साधन कोड यंत्रावर चढण्याआधीच चुकीच्या ओळीवर बोट ठेवते.